थेरपिस्टला आधी आपलं घर समजावायचं, मग दुखणं?

ओसरी:
न्यू जर्सीत नऊ वर्षं झाली. बाबा गेल्यापासून झोप नाही, मधेच जीव घाबरा होतो, म्हणून इन्शुरन्सच्या यादीतली एक थेरपिस्ट गाठली. गोरी आहे, बाई वाईट नाहीये, पण अर्धं सेशन तिला आपल्याकडची नाती समजावण्यातच जातं. आईला रोज फोन करते म्हटलं की ‘बाउंड्री’, घरी पैसे पाठवते म्हटलं की ‘कोडिपेंडन्सी’, म्हणजे एकमेकांवर अति अवलंबून असणं. आणि ऑफिसात माझ्या उच्चारावर हसतात हे सांगितलं तर म्हणे त्यांचा तसा हेतू नसेल. त्यानंतर मी गप्पच बसले. आपल्यातलीच कुणी शोधू का? पण इथलं सर्कल केवढंसं, उद्या मंडळाच्या गणपतीत आरतीला शेजारीच उभी राहिली म्हणजे!

जुनी_खोडी:
अगं मग राज्याच्या दुसऱ्या टोकाची शोध आणि व्हिडिओवर बोल. लायसन्स राज्याचं असतं, तू बसलीयेस त्या राज्यात तिला परवानगी हवी, गाव कुठलं का असेना. सायकोलॉजिस्ट असेल तर सायपॅक्ट नावाचा करार आहे, त्यात बाहेरच्या राज्यातलीही चालू शकते (काउन्सेलर, सोशल वर्कर त्यात येत नाहीत). सायकॉलॉजी टुडेच्या डिरेक्टरीत भाषेचा फिल्टर आहे, इन्क्लुझिव्ह थेरपिस्ट्स नावाच्या साइटवर पण बघ, आणि साउथ एशियन लोकांसाठी काम करणारी सॅमहिन ही संस्था तर तुमच्या जर्सीतलीच. नेटवर्कबाहेरची (इन्शुरन्सच्या यादीत नसलेली) आवडली तर आधी इन्शुरन्सला विचार किती परत देतात, आणि तिच्याकडून सुपरबिल घे, म्हणजे इन्शुरन्सला दाखवायची तपशीलवार पावती. मी न विचारता सहा महिने खिशातून भरले 🤦

निवांत_नाही:
‘आपली’ म्हणजे समजून घेणारी असं काही नसतं हां. माझी देशी होती, दुसऱ्याच सेशनला म्हणाली आईवडिलांनी एवढं केलंय तर थोडं ऐकावं! तेच ऐकायला मला मावशी पुरे होती की, तीही फुकटात. आता जी आहे ती ब्लॅक आहे, तिला मंगळागौर कशाशी खातात माहीत नाही, पण ऑफिसचं सांगितल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, त्या मीटिंगमध्ये तुझ्यासारखी दुसरी कोण असते? कुणीच नाही म्हणाले आणि रडायलाच लागले. हेतू काय असेल वगैरे तिने काढलंच नाही. तिच्याकडचे लोक तर डॉक्टरांवर विश्वास टाकायलाच कचरतात, अलाबामातल्या टस्कगीत १९३२ ते १९७२ काळ्या पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता बघत बसले होते सरकारी डॉक्टर. आणि अमेरिकन सायकोलॉजिकल असोसिएशनने वर्णद्वेषाबद्दल माफी मागितली तीच मुळी २०२१ मध्ये. त्यामुळे तुझं ‘गप्प बसले’ मला नीट कळलं.

पाटीपेन्सिल:
क्लिनिकमध्ये काम करते म्हणून सांगते, बदलायच्या आधी एकदा तिलाच विचारून बघ. डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक), २०१३ पासून, कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू आहे, १६ प्रश्न, नेटवर फुकट मिळतो. तुझ्या भाषेत या त्रासाला काय म्हणशील, घरचे याचं कारण काय समजतात, असले प्रश्न. शेवटचा तर हाच की वेगळ्या पार्श्वभूमीमुळे आपल्यात गैरसमज होईल अशी काळजी वाटते का. प्रिंट काढून ने. ‘जीव घाबरा होतो’ मराठीतच सांग आणि मग अर्थ सांग, थेट ‘पॅनिक’ म्हणालीस की तिच्याकडे त्याचा तयार साचा आहेच. उच्चाराची गोष्ट पण परत काढ. तेव्हाही हेतूच सांगत बसली तर मात्र सोड. आणि रात्री फारच झालं तर ९८८ या मानसिक संकटाच्या हेल्पलाइनला फोन कर, दुभाषी मागता येतो.

ओसरी:
शेवटचा प्रश्न वाचून हसूच आलं, मी तीन सेशन मनातल्या मनात तोच विचारतेय. मंगळवारी कागद घेऊन जाते. @निवांत_नाही, तुझी नवीन पेशंट घेते का? जर्सीत चालेल का तेवढं विचारून ठेव ना, प्लीज.