‘महास्फोट’ : यात फुटलं काय?
(ऑनलाइन गटावरच्या गप्पा; आधी टोपणनाव, मग त्याचं म्हणणं)

मघा
आमच्या वाचनालयाने येत्या अमावास्येला आकाशदर्शन ठेवलंय. त्याआधी अर्धा तास ‘विश्वाचा जन्म’ या विषयावर मी बोलायचं. फ्लेक्सचा मजकूर पाठवला: ‘महास्फोट : १३८० कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट’. संध्याकाळी दुकानात जाऊन बघते तर पोराने मागे भलामोठा जाळ टाकलेला. केशरी लोळ, उडणारे दगड, कोपऱ्यात चक्क एक पेटलेला टँकर. म्हटलं, अरे हे काय? तर म्हणतो, “मॅडम, स्फोट म्हटल्यावर जाळ नको?”

त्याचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटेना. शब्दाने जे सांगितलं तेच त्याने काढलं. पण तेव्हा उडायला दगड नव्हते आणि ते उडून जातील अशी बाहेर मोकळी जागाही नव्हती. जागाच ताणली जायला लागली. मग हा शब्द आपण का धरून बसलोय? ‘महाविस्फोट’ही वाचलाय, तो तर टँकरच्याही पुढचा. पर्याय सुचवा. छपाई परवा आहे.

घाटावरचा
दोष मराठीला देऊ नका. मूळ नावच तसं आहे. ‘बिग बँग’ हे शब्द ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी २८ मार्च १९४९ला बीबीसीच्या रेडिओवर वापरले, आणि गंमत म्हणजे हॉइलना हा सिद्धांत मान्यच नव्हता. बाँडी आणि गोल्ड यांच्यासोबत त्यांनी आदल्याच वर्षी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता: विश्वाला सुरुवातच नाही, ते पसरत जातं तसतसं थोडं थोडं नवं द्रव्य तयार होतं. ‘बँग’ ही खिल्ली होती असं बरेच जण म्हणतात. हॉइल म्हणत, रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून ठसठशीत शब्द घेतला. थोडक्यात, तुमच्या फ्लेक्सवाल्याचंच तत्त्व.

ज्यांनी हे आधी मांडलं त्या बेल्जियमच्या लमेत्र यांनी १९३१मध्ये ‘आदिअणू’ची, म्हणजे सगळं विश्व एकाच दाट अणूतून निघालं अशी, कल्पना पुढे केली होती. ते नाव मागे पडलं आणि विरोधकाने ठेवलेलं चिकटलं. आपल्याला हे सगळं ओळखीचं वाटतं त्यालाही कारण आहे. माझ्या पिढीने हा विषय मराठीत वाचला तो जयंत नारळीकरांच्या लेखणीतून, आणि नारळीकर हॉइलचे केंब्रिजचे विद्यार्थी. गुरुशिष्य दोघेही महास्फोटाच्या विरोधी बाकावरचे. खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांना घेऊन दोघांनी १९९३मध्येही पर्यायी सिद्धांत मांडला. नारळीकर मे २०२५मध्ये गेले. तोवर बहुतेक सगळं खगोलजग पलीकडच्या बाजूला गेलेलं होतं, पण हे शंका विचारत राहिले.

जुनी पोथी
स्फोट या शब्दाला इतक्या घाईने आरोपी करू नका. मूळ धातू ‘स्फुट्’. त्याचा अर्थ फुटणे, तडकणे हा आहेच, पण उमलणे हाही आहे. कळी उमलते तीही स्फुटते. ‘प्रस्फुटित’ आपण फुलाला म्हणतो, सिलिंडरला नाही. भर्तृहरीसारख्या व्याकरणकारांच्या ‘स्फोट’मध्ये तर शब्द ऐकताच अर्थ एकदम उलगडतो, तिथे धूर कुठला? आपल्या रोजच्या मराठीतही ‘गौप्यस्फोट’ होतो तेव्हा अग्निशमन दलाला कोणी बोलावत नाही.

याच धातूवरून प्राकृतातून आलेलं आपलं क्रियापद म्हणजे ‘फुटणे’. त्याच्याकडे जरा नीट बघा. मडकं फुटतं, पेपर फुटतो, पक्ष फुटतो, हे झालं नासधुशीचं खातं. पण पालवी फुटते, अंकुर फुटतो, पान्हा फुटतो, पाझर फुटतो, कंठ फुटतो, मिसरूड फुटतं. यात काहीच मोडत नाही, जे नव्हतं ते दिसायला लागतं. प्रचाराचा नारळ फुटतो तेव्हाही बातमी नारळाच्या मरणाची नसते, सुरुवातीची असते. आणि सगळ्यांत सुंदर: तांबडं फुटतं.

म्हणजे ‘यात फुटलं काय’ असं विचारलंत तर माझं उत्तर: पालवीसारखं फुटलं. बाँबचा अर्थ आपल्या कानात वर्तमानपत्रांनी भरलाय.

अर्धा चहा
धातू काहीही असो पोथी, आज ‘स्फोट’ म्हटलं की लोक खिडकीकडे धावतात. शब्दाचा अर्थ कोशात नाही, कानात असतो. शाळेतलं ‘प्रसरण’ का नको? ‘महाप्रसरण’.

जुनी पोथी
‘महाप्रसरण’ ऐकून पोटाचा विकार वाटतो.

मघा
‘प्रसरण’ मी आधी वापरून पाहिलाय. मुलांना लगेच रेल्वेचे रूळ आठवतात, उन्हात लांबतात म्हणून मध्ये फट सोडतात ते. मग पुढचा प्रश्न ठरलेला: विश्व पसरतंय तर आपली शाळाही पसरतेय का? रूळ स्वतः लांबतो. इथे तसं नाही. शाळा, पृथ्वी, सूर्यमाला, अख्खी आकाशगंगा गुरुत्वाकर्षणासारख्या बलांनी बांधलेली असते, ती ताणली जात नाही. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे मेळावे; त्यांच्या एका समूहापासून दुसऱ्या समूहापर्यंतची अंतरं वाढतात.

झारा
हे मला पापडीवर कळलं, म्हणून मध्येच बोलते. जिरं घातलेली तांदळाची पापडी घ्या. कच्च्या पापडीवर एक जिरं धरा, त्याच्यापासून दुसरं १ सेंटीमीटरवर, तिसरं ३वर. तेलात सोडली की पापडी जवळपास दुप्पट फुलते. आता दुसरं जिरं २ सेंटीमीटरवर, तिसरं ६वर. म्हणजे तेवढ्याच क्षणात जवळचं १ने लांब गेलं आणि लांबचं ३ने. जे जितकं लांब ते तितक्या वेगाने लांब जातं. एडविन हबल यांनी १९२९मध्ये दीर्घिकांबद्दल हेच दाखवलं. जिरं मात्र होतं तेवढंच. आणि कुठल्याही जिऱ्यावर बसून बघा, बाकीची सगळी आपल्यापासूनच पळताहेत असं वाटेल. मी हे भाच्याला पट्टी लावून दाखवलं. दोन पापड्या करपल्या, पण पटलं.

अर्धा चहा
पापडीला कड असते ताई. विश्वाची कड कुठाय?

झारा
म्हणून कडेकडे बघायचं नाही, जिऱ्याकडे बघायचं. अहो, उपमा आहे ती, सबंध थाळी थोडीच वाढलीय!

घाटावरचा
वा. याला एकच जोड. पापडी फुलते ती कढईत, तिच्याभोवती तेल आणि स्वयंपाकघर आहे. विश्वाला अशी बाहेरची कढई धरायची गरज नाही. ‘स्फोट’ शब्दाने होणारी खरी दिशाभूल ही आहे. स्फोट म्हटला की तो *कुठेतरी* होतो. हा सगळीकडे झाला. तुम्ही ज्या खुर्चीवर बसलायत तिथेही.

अर्धा चहा
मग ‘विश्व’ऐवजी ‘ब्रह्मांड’ का नको? हिंदीवाले तेच म्हणतात. त्यात अंडंही आहे, जन्माशी जुळतं.

जुनी पोथी
कारण मराठी माणसाला ब्रह्मांड फक्त आठवतं, तेही दाढ दुखली की.

मघा
😄 ‘विश्व’ पक्कं. पण पोथी, तुमच्या ‘तांबडं फुटलं’ने मला रात्री झोपू दिलं नाही. सुरुवातीची ३ लाख ८० हजार वर्षं विश्व इतकं तापलेलं आणि दाट होतं की प्रकाश सरळ जाऊच शकत नव्हता. मोकळे इलेक्ट्रॉन त्याला सारखे धडकवत होते, दाट धुक्यात हेडलाइट विखुरतो तसं. तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले, आणि धुकं निवळलं. ३००० केल्विन म्हणजे किती, तर आपल्या जुन्या पिवळ्या बल्बमधली तार साधारण तेवढीच तापते. म्हणजे त्या वेळचा उजेड खरोखरच पिवळसर तांबडा! विश्वाचं तांबडं फुटलं, हे अलंकारिक नाही, हिशेबाने बरोबर आहे.

तोच उजेड अजून आपल्यापर्यंत येतोय. मधल्या काळात तो सुमारे ११०० पट ताणला गेला, म्हणून डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मलहरी म्हणून सापडतो. तापमान उरलंय २.७ केल्विन, म्हणजे उणे २७० सेल्सिअस. पेन्झिअस आणि विल्सन या खगोलशास्त्रज्ञांना १९६४च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीतल्या अँटेनात याच उजेडाची खरखर ऐकू येत होती, तर त्यांनी आधी आतली कबुतरांची विष्ठा खरवडून काढली. खरखर तशीच. १९७८चं नोबेल मिळालं.

अर्धा चहा
याला मराठीत ‘वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारण’ म्हणतात. बोलता बोलता दम लागतो.

झारा
आमच्याकडे याला ‘मुंग्या’ म्हणायचे. जुन्या टीव्हीचं चॅनेल गेलं की पडद्यावर यायच्या त्या. त्यातला साधारण शंभरावा हिस्सा याच उजेडाचा असायचा, बाकी इकडचातिकडचा गोंगाट. बाबा गच्चीवर अँटेना फिरवायचे आणि आम्ही खालून ओरडायचो, “मुंग्याच आहेत!”

मघा
बोलताना ‘मुंग्या’ वापरणार, तुमची परवानगी धरून. शब्द ‘महास्फोट’च ठेवतेय; लोक त्याच नावाने पुस्तकात शोधणार. खाली दुसरी ओळ घातली: ‘विश्वाचं तांबडं फुटलं तेव्हा’.

आज दुकानात जाऊन टँकर काढायला लावला. पोरगं म्हणालं, “मग मागे काय टाकू?” म्हटलं, नुसतं काळं ठेव, मध्ये थोडं तांबूस. त्याने बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, पूर्ण काळा म्हणजे शाई जास्त जाते. पन्नास रुपये वाढतील.”