कॅशे साफ केलीत, आता घड्याळ तपासा

वेबसाइट नीट दिसत नसेल तर ब्राउझरची कॅशे (साइटच्या साठवून ठेवलेल्या प्रती) आणि एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) आधी तपासावीत असं सुचवतात, ते बरोबरच आहे. पण सगळं करूनही मजकूर उघडाबोडका, चित्रं गायब असं होत असेल, तर संगणकाची तारीख नक्की बघा. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याला, मुदत असते, काहींची जेमतेम ९० दिवसांची. घड्याळ मागे पडलं असेल तर नवं सर्टिफिकेट ब्राउझरला 'अजून लागू नाही' असं वाटतं. मुख्य पानाचं असं झालं तर इशारा तरी येतो. स्टाइलशीट (पानाची मांडणी, रंग ठरवणारी फाइल) किंवा चित्रं दुसऱ्या सर्व्हरवरून येत असतील तर ती गुपचूप अडवली जातात, आणि खरा घोळ इथेच होतो! एफ१२ दाबून कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका नोंदवतो त्या भागात) लाल ओळी वाचा.

जुन्या डेस्कटॉपवर तारीख दुरुस्त करूनही पुन्हा बिघडत असेल, तर मदरबोर्डवरचा (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) सेल बदला, संगणक बंद असताना घड्याळ त्यावरच चालतं. बहुतेकांत सीआर२०३२ असतो, स्वस्तात मिळतो.