मदत हवी आहे : तारेचे जुने बल्ब कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांना उष्णतेतून उजेड कसा निघतो ते वर्गात दाखवायचंय. घन वस्तू साधारण 525 अंश सेल्सिअसला अंधारात मंद लाल दिसू लागते. शास्त्रज्ञ जॉन ड्रेपर यांनी हे 1847 मध्ये मांडलं. आणखी तापली की नारिंगी, मग पिवळी. लोहार हा रंग बघूनच घण उचलतो! बल्बमधली टंगस्टनची तार सुमारे 2,500 अंशांपर्यंत जाते, त्यामुळे डिमर (बल्बचा उजेड कमी-जास्त करणारं बटण) हळूहळू फिरवला की हा क्रम मुलांना डोळ्यांनी दिसेल. एलईडीत तापणारी तारच नसते, तो इथे उपयोगाचा नाही. गावात पारदर्शक काचेचे 60 किंवा 100 वॅटचे बल्ब मिळेनात. कुठे मिळतील? आणि डिमरऐवजी पंख्याचा रेग्युलेटर जोडणं सुरक्षित आहे का? इलेक्ट्रिशियन मंडळींनी कृपया सांगावं.