ऑस्ट्रिया १९२२: नोटा वाढतच राहिल्या, तरी महागाई थांबली कशी?

धरमपेठ_एमए
नमस्कार मंडळी. नागपूर विद्यापीठात एम.ए. अर्थशास्त्राच्या सेमिनारला पहिल्या महायुद्धानंतरची ऑस्ट्रियातली महागाई हा विषय घेतलाय. एका जागी गाडी अडली आहे. जानेवारी १९२२ मध्ये डॉलरला सात हजारांवर क्राउन (ऑस्ट्रियाचं तेव्हाचं चलन) पडत होते, ऑगस्टच्या शेवटी ८३ हजारांवर गेले. मग घसरण एकाएकी थांबली आणि नोव्हेंबरपासून भाव ७१ हजारांच्या आसपास टिकला. पण चलनातल्या नोटा त्यानंतरही फुगतच गेल्या, डिसेंबर १९२४ पर्यंत सहा पटींवर! पैसा वाढला की भाव वाढतात, हे बी.ए.पासून घोकत आलोय. इथं गणित बसत नाही. 'राष्ट्रसंघाचं (लीग ऑफ नेशन्स) कर्ज मिळालं म्हणून थांबली' असं एका ओळीत सगळीकडे दिसतं, तेवढ्यानं सेमिनारमध्ये निभाव लागणार नाही. आणि ऑस्ट्रियन स्कूलवाल्यांचा (व्हिएन्नातला मुक्त बाजारवादी अर्थशास्त्र्यांचा पंथ) यात हात किती?

बर्डीकर
आधी तारखा ओळीनं लाव, अर्धं कोडं तिथंच सुटतं.

१५ ऑगस्ट १९२२ च्या सुमारास लंडनमध्ये ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जनं ऑस्ट्रियाला आणखी कर्ज द्यायला नकार दिला आणि प्रकरण राष्ट्रसंघाकडे ढकललं. चॅन्सलर इग्नात्स झायपेल (हा कॅथलिक पाद्री, धर्मशास्त्राचा प्राध्यापक) लगेच प्राग, बर्लिन, व्हेरोना असा फिरला. ऑस्ट्रिया कोणाच्या पदरात पडतो ही भीती प्रत्येक शेजाऱ्याला होती आणि त्यानं तीच वापरली. ६ सप्टेंबरला तो जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे बोलला. ४ ऑक्टोबरला जिनिव्हा करारांवर (कर्जाची हमी आणि त्याच्या अटी) सह्या झाल्या. १८ नोव्हेंबरला सरकारसाठी नोटा छापणं बंद. डिसेंबरमध्ये कमिशनर जनरल (राष्ट्रसंघाचा खजिन्यावरचा देखरेख अधिकारी) म्हणून आल्फ्रेड झिमरमन व्हिएन्नात दाखल झाला. तो आधी रॉटरडॅमचा महापौर होता. नवी नॅशनल बँक १ जानेवारी १९२३ पासून. दीर्घ मुदतीचं कर्ज बाजारात उभं राहिलं ते १९२३ च्या उन्हाळ्यात.

आता बघ, क्राउन सावरला ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा कर्ज सोड, करारसुद्धा झाला नव्हता. म्हणजे 'कर्ज आलं म्हणून थांबली' हे कालक्रमातच बसत नाही. सरकारला यापुढे छापखान्याचं दार बंद होणार, हे लोकांना पटलं आणि तिथंच भाव थांबला. थॉमस सार्जंटनं १९८२ मध्ये चार मोठ्या महागाया कशा संपल्या यावर निबंध लिहिला, त्यात ऑस्ट्रियाचं प्रकरण याच अंगानं मांडलंय. मासिक तक्ते त्यातच मिळतील.

जुनी_शुक्रवारी
तारखा बरोबर, पण नोटा का वाढल्या ते राहिलंच.

नोटेच्या मागे बँकेच्या ताळेबंदात काय पडलं आहे ते बघायचं. १९२२ च्या उन्हाळ्यापर्यंत सरकार तिजोरीची बिलं (सरकारी कर्जाच्या चिठ्ठ्या) बँकेला देई आणि बँक त्यावर नोटा काढी. बिलांमागे काहीच नव्हतं, होती फक्त तूट. शरदानंतर उलटा ओघ सुरू झाला. लोकांनी गादीखाली दडवलेले डॉलर, पौंड, स्विस फ्रँक बँकेत आणून विकायला सुरुवात केली, कारण व्यवहाराला क्राउन हवे होते आणि क्राउन उद्या पडणार ही धास्ती उरली नव्हती. ही नोट परकीय चलनाच्या बदल्यात निघालेली. नोट तीच, मागचं तारण वेगळं.

हिशोब करून बघ. ऑगस्ट १९२२ अखेर चलनात साधारण १.३५ लाख कोटी क्राउन होते. ७७ हजारांचा दर धरला तर अख्ख्या देशाचं चलन भरतं जेमतेम पावणेदोन कोटी डॉलर. ६५ लाखांच्या देशाला एवढ्याशा पैशात व्यवहार चालवणं शक्य नव्हतं. लोक क्राउन हातात आला की टाकून देत होते, म्हणून ते चालत होतं. डिसेंबर १९२४ ला आकडा ८ लाख कोटींच्या वर, दर ७१ हजार, म्हणजे साडेअकरा कोटी डॉलरच्या आसपास. आकुंचन पावलेली क्राउनची मागणी परत जागेवर आली, इतकंच. तुझं बी.ए.चं सूत्र खोटं नाही. त्यात पैशाचा फिरण्याचा वेग स्थिर धरलेला असतो आणि इथं नेमका तोच कोसळला.

खामला_कट्टा
दोघंही नाण्याकडे बघताय, तूट कुठून आली ते सांगा नं पोराला.

पाच कोटींहून मोठ्या साम्राज्याची राजधानी व्हिएन्ना, १९१८ नंतर ६५ लाखांच्या देशात येऊन पडली. आपल्याकडे १९५६ ला नागपूरची राजधानी गेली, तेव्हा निदान कर्मचारी मुंबई-भोपाळला वाटले गेले. व्हिएन्नाला उलट झालं: प्राग, ल्व्हिव, त्रिएस्तेचे जर्मन बोलणारे अधिकारी इकडेच परतले. पगार, निवृत्तिवेतन, रेल्वेचा तोटा, सगळं याच खजिन्यावर.

त्यात अन्न अनुदान. गहू परकीय चलनात घ्यायचा, पाव जुन्या क्राउनच्या भावात विकायचा. क्राउन घसरला की फरक वाढतो, फरक भरायला नोट छापायची, की क्राउन आणखी घसरतो. १९२१ मध्ये निम्म्याहून जास्त सरकारी खर्च या अनुदानावर जात होता. करही त्यातच सापडले: आकारणी एका वर्षी, वसुली पुढच्या वर्षी, हाती येईतो त्या रकमेत पावसुद्धा येत नसे. १ डिसेंबर १९२१ ला व्हिएन्नात महागाईविरुद्ध दंगल झाली, हॉटेलं-दुकानं फुटली. त्याच सुमारास अनुदान काढायचं ठरलं.

आणि 'लोकांना पटलं' इतकं ते गुळगुळीत नव्हतं बाप्पा. जकात आणि तंबाखू मक्तेदारीचं उत्पन्न गहाण पडलं, झिमरमनच्या मंजुरीशिवाय कर्जाचा पैसा सुटत नव्हता, १ लाख कर्मचारी कमी करायची अट होती आणि ८० हजारांवर खरोखर गेले. बेकारी भत्ता घेणारे काही महिन्यांत चौपट झाले. किंमत कोणी मोजली यावर सेमिनारमध्ये एक पान ठेव.

धरमपेठ_एमए
लई आभार. ६५ कोटी 'सोन्याचे क्राउन' कर्ज म्हणजे कागदी किती? माझा तक्ता हजार पटींनी चुकतोय असं वाटतं. आणि ऑस्ट्रियन स्कूल?

जुनी_शुक्रवारी
१ सोन्याचा क्राउन (महायुद्धापूर्वीच्या सोन्याच्या मोलाचा) = १४,४०० कागदी. १९२५ मध्ये शिलिंग हे नवं चलन आलं, १०,००० कागदी क्राउनला एक. म्हणजे सोन्याचा क्राउन १.४४ शिलिंग, आणि ६५ कोटींचे ९३.६ कोटी शिलिंग. हजार पटीची चूक बहुधा इथं आहे: जर्मन तक्त्यातलं 'मिलियार्ड' म्हणजे १०० कोटी, 'बिलियन' म्हणजे लाख कोटी. अमेरिकी बिलियन धरलंस की सगळं कोसळतं. आलेख लॉग मापावर काढ, नाहीतर १९२१ पर्यंतची रेघ जमिनीलाच चिकटलेली दिसेल. आणि महिनाअखेरचा दर व महिन्याची सरासरी एकाच रकान्यात मिसळू नको. ऑगस्ट १९२२ साठीच ८३ हजार आणि ७७ हजार असे दोन आकडे दिसतात.

बर्डीकर
स्कूलबद्दल: हात आहे, पण भक्त सांगतात तेवढा नाही. या पंथाचा लुडविग फॉन मीझेस तेव्हा व्हिएन्नाच्या व्यापार चेंबरमध्ये नोकरीला होता. छपाई थांबवा हा आग्रह त्यानं धरला, पण सही झायपेलची आणि कर्जाला हमी परदेशी सरकारांची होती: ब्रिटन, फ्रान्स, चेकोस्लोव्हाकिया प्रत्येकी २४.५ टक्के, इटली २०.५, उरलेलं छोट्या देशांचं. अर्थतज्ज्ञ शुंपेटर १९१९ मध्ये काही महिने अर्थमंत्री होता, मालमत्तेवर एकरकमी कर बसवायची त्याची योजना गुंडाळली गेली. गंमत म्हणजे शुंपेटर, मीझेस आणि समाजवाद्यांचा नेता ओटो बाउअर हे तिघंही ऑस्ट्रियन स्कूलच्या ब्योम-बावेर्क या प्राध्यापकाच्या एकाच सेमिनारमधले. जिनिव्हा करारांना सर्वांत कडवा विरोध बाउअरचाच.

खामला_कट्टा
त्याच्याच पक्षाकडे व्हिएन्ना शहर होतं, तेही जोड. १ जानेवारी १९२२ पासून व्हिएन्ना वेगळा प्रांत झाला, कर लावायचा हक्क मिळाला. युद्धकाळात गोठवलेली घरभाडी महागाईनं शून्यावर आली होती, जमीन स्वस्त. शहराचा अर्थप्रमुख हुगो ब्राइटनरनं १९२३ मध्ये चढत्या दराचा गृहबांधणी कर लावला आणि १९३४ पर्यंत ६० हजारांवर सदनिका उभ्या राहिल्या, त्याही कर्ज न काढता कराच्या पैशातून. झिमरमनचा लगाम केंद्राच्या खजिन्याला होता, शहराच्या नाही. सेमिनारमध्ये कोणीतरी 'मग व्हिएन्नानं पैसा कुठून आणला' असं विचारणारच, तेव्हा हे उत्तर खिशात ठेव.