सदाफुलीला पाणी किती आणि कधी द्यावं?

रानजाई
नमस्कार मंडळी. माझ्याकडे सदाफुलीची काही रोपं कुंड्यांत आहेत, काही जमिनीत. जो तो म्हणतो, ही काटक, पाण्यावाचूनही तग धरते. पण भर दुपारी कुंडीतल्या रोपांची पानं आत वळून मिटल्यासारखी होतात, ते बघवत नाही. म्हणून रोज संध्याकाळी पाणी घालते. आता खालची पानं पिवळी पडून गळायला लागलीत आणि एका रोपाची फांदी अचानक मलूल झालीय. माती वरून कोरडी दिसते. पाणी कमी पडतंय की जास्त होतंय? ज्यांच्याकडे ही झाडं वर्षानुवर्षं टिकलीत त्यांनी कृपया सांगा.

झारीवाला
आठवड्यातून दोनदा पुरे. आमच्याकडे तेवढ्यावर बारमाही फुलते.

वाफसा
रानजाईताई, लक्षणांवरून पाणी जास्त होतंय असं दिसतं.

दुपारी पानं मिटणं म्हणजे तहान, असं लगेच धरू नका. कडक उन्हात सदाफुली पानं आत वळवते, त्यामुळे पानांतून कमी पाणी उडतं. ऊन उतरलं की ती आपोआप उलगडतात. तेव्हा दुपारच्या पानांकडे बघून पाणी द्यायचं नाही, सकाळी उठल्यावर बघायचं. रात्रभराच्या गारव्यानंतरही पानं लोंबलेली असतील आणि माती कोरडी असेल, तर झाड खरोखर तहानलेलं आहे. माती ओली असून पानं लोंबत असतील, तर मुळं कुजायला लागलीत आणि ती पाणी वर पोचवू शकत नाहीत. अशा वेळी आणखी पाणी घातलं की झाड हातचं जातं.

ही मूळची मादागास्करची. तिला पाण्यापेक्षा हवा खेळणारी, निचऱ्याची जमीन जास्त लागते.

मातीच्या रंगावर जाऊ नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेली कुंडी वरून फिकी, सुकी दिसते आणि खाली चिंब असते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. गार लागलं, मातीचे कण बोटाला चिकटून आले, तर त्या दिवशी पाणी नाही. कुंडी उचलून बघायची सवयही लावून घ्या. पाणी दिल्यावरचं वजन आणि सुकल्यावरचं वजन हाताला एकदा कळलं की बोटही घालावं लागत नाही.

द्याल तेव्हा मात्र भरपूर द्या, खालच्या भोकातून निथळेपर्यंत. रोज कपभर शिंपडलं तर वरचीच माती भिजते, मुळं वरच राहतात आणि एखादा कडक दिवस आला की झाड कोलमडतं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तर ओतून टाका. वेळ सकाळची आणि पाणी बुंध्याशी. सदाफुलीला फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसदृश रोगजंतूमुळे करपा होतो. वरून मारलेल्या पाण्याचे, पावसाचे थेंब मातीवरून उडतात आणि तो पानाफांद्यांवर पसरतो. संध्याकाळी भिजवलेली पानं रात्रभर ओली राहिली की त्याचं आणखी फावतं.

झारीवाला
दोनदाचा नियम जमिनीतल्या जुन्या झाडांचा, हे लिहायचं राहिलं. नवीन लावलेल्या रोपाला हे लागू नाही.

वाफसा
अगदी बरोबर, हे महत्त्वाचं आहे. काटकपणा मुळं खोल गेल्यावर येतो. रोप लावल्यावर पहिले काही आठवडे माती सुकू न देता, पण चिखलही न करता पाणी द्यायचं. नवी पालवी जोमात फुटली की दोन पाण्यांतलं अंतर हळूहळू वाढवत न्यायचं. जमिनीतल्या मोठ्या झाडाला त्यानंतर थोडा ताण बसला तरी ते फुलत राहतं. कुंडीतल्याला फार ताण देऊ नका, तिथे मुळांना खोल जायला जागाच नसते. मातीची कुंडी लवकर सुकते, प्लॅस्टिकची उशिरा. म्हणून शेजारशेजारच्या दोन कुंड्यांनाही एकच वेळापत्रक लावता येत नाही.

गोकर्ण
ठिबक लावलेलं चालेल का? आम्ही वाफ्यात गुलाब आणि सदाफुली एकत्र लावलीत.

वाफसा
ठिबक उत्तम, पानं कोरडी राहतात. पण गुलाबाच्या मापाने पाणी सोडलं तर सदाफुली सडेल. तिची नळी वेगळी करून वेगळा कॉक बसवा. नाहीतर तिला वाफ्याच्या उंच कडेला हलवा. जमीन चिकट असेल तर गादीवाफा, म्हणजे माती चढवून उंच केलेला वाफा, हवाच, पावसाळ्यात त्याच्यावरच झाडं वाचतात. आच्छादन घालाल ते बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा.

रानजाई
बोट घालून बघितलं. वर सुकी, खाली चक्क गार आणि चिकट. मलूल फांदीच्या रोपाचा बुंधा मातीलगत तपकिरी काळा पडलाय. हे रोप वाचेल का? आणि बाकीच्यांचं काय करू?

वाफसा
बुंधा काळा पडला असेल तर त्या रोपाची आशा सोडा, वाईट वाटलं तरी. उपटून मुळं बघा. निरोगी मूळ पांढुरकं आणि टणक असतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की साल सुटून हातात येतं आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. तसं दिसलं तर ते रोप आणि ती माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत वापरू नका, कंपोस्टमध्येही नको. कुंडी घासून धुवा, उन्हात तापवा.

बाकीच्यांचं पाणी तूर्त तोडा. भोकं बुजली नाहीत ना बघा आणि कुंड्या विटांवर ठेवा, म्हणजे खालून वारा लागेल. बुंधा हिरवा असलेली रोपं सावरतील. पिवळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत, तिकडे बघू नका. शेंड्याची नवी पानं कशी येतात ते बघा. तीच पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर प्रश्न लोहाचा. माती किंवा पाणी अल्कधर्मी असलं की मुळांना लोह घेता येत नाही. मात्र सतत ओल्या मातीतही असंच दिसू शकतं, त्यामुळे आधी पाणी आटोक्यात आणा, मग खताचं बघू.

गोकर्ण
त्या रोपाच्या वरच्या हिरव्या फांद्यांची कलमं करता येतील का? रंग दुर्मीळ असेल तर जीव हळहळतो.

वाफसा
रोगट झाडाची नकोत, वरून हिरवी दिसली तरी. त्याच रंगाच्या निरोगी झाडाची घ्या. बियांपासून करायची तर जोडीने येणाऱ्या बारीक शेंगा तपकिरी होऊ लागल्या की तडकण्याआधी काढा. आतल्या काळ्या बिया मातीने झाकून अंधारात रुजवा, उजेडात त्या नीट रुजत नाहीत. संकरित जातीच्या बियांतून मात्र तोच रंग येईल याची खात्री नसते. आणि खुडून झालं की हात धुवा. सदाफुलीचे सगळे भाग पोटात गेले तर विषारी आहेत, लहान मुलं आणि पाळीव प्राणी असतील तर कुंड्या उंचावर ठेवा.