मदत हवी आहे: चुन्याच्या भिंतीवर पुरस्काराची पितळी पाटी कशी बसवावी?

आमच्या नागरिक मंडळाचा ‘उत्तम राखलेली वास्तू’ पुरस्कार यंदा नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याला आहे. पाटी ३०० × ४५० मिमी, जाडी ३ मिमी, वजन साधारण साडेतीन किलो. भिंत चपट्या विटांची, बांधकाम आणि गिलावा दोन्ही चुन्याचे, तोंड पश्चिमेला.

मागच्या भिंतीवर नमुना करून पाहिला. नायलॉनचे प्लग सांध्यात नुसते गरगर फिरतात, चुना भुरुभुरु गळतो. विटेत भोक पाडलं की कड उडते. आंबट वासाच्या सिलिकॉननं पितळ कडेकडेनं हिरवं पडलं. दुहेरी टेप तर गिलाव्याचा पापुद्रा घेऊनच खाली येते. सिमेंट कृपया सुचवू नका, ओल अडकून वीट फुगते.

आता सांध्यात ६ मिमीच्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस सळया हायड्रॉलिक चुन्यात (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा चुना) बसवायचा विचार आहे. पाटीमागे १० मिमी फट, पाटीची भोकं ८ मिमी, म्हणजे नागपूरच्या उन्हात ती पसरली तरी ताण नाही. हॅमर ड्रिल चालणार नाही; पाटी काढल्यावर भिंत पूर्ववत व्हावी ही मालकांची अट. वाडा हेरिटेज यादीत नाही, तपासलं आहे.

सळई किती खोल घ्यावी? एनएचएल (नैसर्गिक हायड्रॉलिक चुना) ३.५ पुरेल की त्याहून मजबूत ५ लागेल? आणि मे महिन्यात चुना किती दिवस ओला ठेवावा?