मदत हवी आहे: क्लाउडवरच्या पोस्टग्रेसला एन्क्रिप्टेड जोडणी सक्तीची करायची आहे, पण ऐन हंगामात काटा बंद पडायला नको

पिंपळगावचा_प्रोग्रामर

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा लक्ष घालावं.

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. डेटाबेस ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेवर म्हणजे आरडीएसवर, मुंबई रीजनमध्ये, पोस्टग्रेस (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) १३. त्याला चार जण जोडलेले आहेत. गेटवरच्या वजनकाट्याचा व्हीबी सिक्समधला जुना प्रोग्राम, तो ओडीबीसीवरून (विंडोजमधल्या डेटाबेस-जोडणीच्या ड्रायव्हरवरून) येतो. पॅकिंग हॉलमधल्या टॅबलेटसाठी पायथनचा सर्व्हर. नाशिकच्या ऑफिसात हिशेबनीसांची एक्सेल शीट. आणि कोल्ड स्टोरेजचं तापमान नोंदवणारा एक डबा, जो थेट टेबलात ओळी घालत बसतो. काट्याचा प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते हल्ली फोन उचलत नाहीत आणि सोर्स कोड आमच्याकडे नाही.

युरोपातल्या खरेदीदाराने एक प्रश्नावली पाठवली आहे. त्यात विचारलंय, की डेटाबेसशी होणारी प्रत्येक जोडणी एन्क्रिप्टेड असल्याशिवाय सर्व्हर ती स्वीकारत नाही, असं आहे का? आमच्याकडे तसं नाही. टेबलांत शेतकऱ्यांची नावं, मोबाईल, बँक खाती, प्लॉट नंबर सगळं आहे, त्यामुळे खरेदीदाराने विचारलं नसतं तरी हे करायलाच हवं होतं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही आहेच. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. मालकांना हा आकडा सांगितल्यावर त्यांनी लगेच परवानगी दिली.

दुसरीकडे अपग्रेडही डोक्यावर आहे. १३ ची कम्युनिटीकडची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. म्हणून स्नॅपशॉटवरून एक प्रत उभी केली आणि ती १६ वर नेली. टॅबलेट सर्व्हर सुरळीत चालला, पण काटा जोडेना. युजर तोच, पासवर्ड तोच, सिक्युरिटी ग्रुप तोच. एरर अशी, की या होस्टसाठी पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये (कोणाला जोडू द्यायचं ते ठरवणारी सर्व्हरची फाइल) नोंद नाही, आणि शेवटी दोन शब्द, 'नो एन्क्रिप्शन'. त्या दोन शब्दांवरून शोधल्यावर कळलं की आरडीएसवर 'आरडीएस.फोर्स_एसएसएल' हे पॅरामीटर (१ म्हणजे एन्क्रिप्शनची सक्ती, ० म्हणजे सक्ती नाही) पोस्टग्रेस १५ पासून मुळातच १ असतं आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ०. म्हणजे आज प्रोडक्शनवर काटा उघड्यानेच बोलतोय.

द्राक्षाची काढणी सुरू झाली आहे. सकाळी गेटवर ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग असते. काटा थोडा वेळ जरी बंद पडला तरी माल उन्हात उभा राहतो. तर सक्ती करायच्या आधी कोण कोण प्लेन, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय, येतंय हे खात्रीने कसं शोधायचं? आणि सोर्स नसलेल्या प्रोग्रामचं काय करायचं? तात्पुरतं १६ वर पॅरामीटर ० करून पुढे जाता येईल, पण मग ते तसंच राहील याची मला खात्री आहे.

सातपूर_एमआयडीसी

डेटाबेस पब्लिक ॲक्सेसिबल ठेवलाय का? आधी तो प्रायव्हेट सबनेटमध्ये टाका, पॅकहाउसला व्हीपीएन द्या, विषय संपला. एन्क्रिप्शन आपोआप झालं.

जुना_डीबीए

प्रायव्हेट करा हे बरोबर, पण विषय संपत नाही. फोर्स_एसएसएल लावल्यावर पोस्टग्रेस फक्त स्वतःच्या दाराशी आलेली जोडणी टीएलएसची (एसएसएलचंच नवं रूप, म्हणजे एन्क्रिप्टेड) आहे का एवढंच बघतो. बाहेरून तिला व्हीपीएनचं वेष्टन आहे की नाही हे त्याला दिसतच नाही. काटा व्हीपीएनमधून प्लेन आला तरी नकारच मिळेल. आणि प्रश्नावलीत विचारलंय ते सर्व्हरच्या सक्तीबद्दल.

आता मूळ प्रश्न. कोण प्लेन येतंय हे बघायला बहुतेक लोक पीजी_स्टॅट_एसएसएल हा व्ह्यू पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीशी पीआयडीवर जॉईन करतात. ते ठीक, पण त्यात फक्त त्या क्षणी चालू असलेल्या जोडण्या दिसतात. तुमचा काटा बहुधा गाडी आली की जोडतो, वजन घालतो आणि तोडतो. डब्याचंही तसंच. तुम्ही क्वेरी माराल तेव्हा हे दोघे नसतील आणि यादी स्वच्छ दिसेल. म्हणून लॉग_कनेक्शन्स चालू करा. मग प्रत्येक नव्या जोडणीची 'कनेक्शन ऑथोराइज्ड' अशी ओळ लॉगमध्ये पडते. टीएलएस असेल तर त्याच ओळीत 'एसएसएल इनेबल्ड', प्रोटोकॉल आणि सायफर येतं. नसेल तर ओळ त्याआधीच संपते. त्या अपुऱ्या ओळी गोळा करायच्या.

एक अडचण येईल. पॅकहाउसमधून येणारे सगळे एकाच ब्रॉडबँडच्या पत्त्यावरून दिसतील. चौघे एकच युजर वापरत असतील तर प्लेन कोण हे लॉग सांगू शकणार नाही.

पिंपळगावचा_प्रोग्रामर

चौघे एकच युजर वापरतात. हसू नका.

जुना_डीबीए

नाशिक जिल्ह्यात निम्म्या ठिकाणी तेच आहे, हसतो कशाला. काटा, टॅबलेट, हिशेब, तापमान असे वेगळे रोल (डेटाबेसचे युजर) करा, प्रत्येकाला लागतील तेवढेच हक्क द्या आणि एकेकाला नव्या युजरवर हलवा. हे काम सक्तीच्या आधीचं आहे आणि खरं तर सगळ्यात जास्त वेळ खाणारं हेच आहे. काट्याचा पासवर्ड डीएसएनमध्ये (ओडीबीसीत साठवलेल्या जोडणीच्या माहितीत) आहे की एक्झीच्या आत? डीएसएनमध्ये असेल तर सोर्स कोडची गरजच नाही.

पिंपळगावचा_प्रोग्रामर

डीएसएन आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ओडीबीसी उघडलं तर मात्र यादीत दिसत नाही, तरी प्रोग्राम चालतो.

लॉगवाचक

व्हीबी सिक्स म्हणजे ३२ बिट. तुम्ही ६४ बिटची यादी बघताय. विंडोज १० मध्ये स्टार्टला 'ओडीबीसी डेटा सोर्सेस ३२ बिट' असं वेगळं सापडेल, नाहीतर सिसवाऊ६४ फोल्डरमधलं ओडीबीसीएडी३२ चालवा. (हो, ३२ बिटची फाइल ६४ नावाच्या फोल्डरात असते. मायक्रोसॉफ्टला विचारा.) तिथे डीएसएन उघडला की 'एसएसएल मोड' असा ड्रॉपडाऊन आहे. तुमच्याकडे तिथे 'डिसेबल' असणार. तो 'रिक्वायर' करा. फोर्स_एसएसएल शून्य असतानाही हे चालतं, कारण सर्व्हर टीएलएस आधीपासून देतोच आहे, फक्त मागत नाही. त्यामुळे आजच प्रोडक्शनवर करून बघता येईल आणि फसलं तर ड्रॉपडाऊन परत फिरवायचा.

पण ड्रायव्हर किती जुना आहे बघा. पोस्टग्रेस १३ पासून सर्व्हरची किमान पातळी मुळात टीएलएस १.२ आहे, आणि ओपनएसएसएलमध्ये १.२ आलं ते २०१२ च्या १.०.१ मध्ये. त्याआधीचा ड्रायव्हर असेल तर मोड बदलूनही हँडशेक (एन्क्रिप्शन ठरवणारा सुरुवातीचा संवाद) फसेल. नवा ३२ बिट पीएसक्यूएल-ओडीबीसी (पोस्टग्रेसचा ओडीबीसी ड्रायव्हर) टाका. तसाही टाकावा लागेलच: पोस्टग्रेस १४ पासून नवे पासवर्ड मुळातच स्क्रॅम या नव्या पद्धतीने साठवले जातात. जुन्या एमडी५ पद्धतीचे पासवर्ड अपग्रेडनंतर चालत राहतात, पण कोणी सहज पासवर्ड बदलला की जुना ड्रायव्हर 'ही पद्धत येत नाही' म्हणून थांबतो, आणि मग सगळे एसएसएलला शिव्या देतात.

अंबडवरून

आमच्याकडे मायएसक्यूएल आहे, तिथे हे जरा सुखाचं. 'अल्टर युजर' करून 'रिक्वायर एसएसएल' म्हटलं की एकेका युजरवर सक्ती करता येते. सगळे पार पडले की मग सर्व्हरवर 'रिक्वायर_सिक्युअर_ट्रान्सपोर्ट'. जो राहून जातो त्याला ३१५९ नंबरची एरर. पोस्टग्रेसला असं युजरवार करता येत नाही का?

जुना_डीबीए

स्वतःच्या सर्व्हरवर येतं, पीजी_एचबीएमध्ये युजरवार 'होस्टएसएसएल' लिहून. आरडीएसवर ती फाइल आपल्या हातात नसते, तिथे एकच बटण आहे. म्हणून क्लायंट आधी दुरुस्त करायचे आणि बटण शेवटी.

बटणाबद्दलही सांगतो. डीफॉल्ट पॅरामीटर ग्रुप बदलता येत नाही, आपला वेगळा करावा लागतो, आणि तो इन्स्टन्सला लावला की एकदा रीबूट. तो रीबूट आत्ताच एखाद्या निवांत वेळी उरकून घ्या, फोर्स_एसएसएल ० ठेवूनच. ग्रुप आपला असला की पुढे ० चं १ आणि १ चं ० करायला रीबूट लागत नाही. परतीची वाट मोकळी असली की हात थरथरत नाही. १६ साठीही आधीच वेगळा ग्रुप करून त्यात ० लिहून ठेवा, नाहीतर अपग्रेडच्या रात्रीच सक्ती लागू होईल आणि काय तुटलं कशामुळे तुटलं कळणार नाही. तुम्ही म्हणता ते '० तसंच राहील' हे खरं आहे; त्यावर उपाय एकच, की १३ वरच आधी १ करून टाका, ते पार पडलं की १६ च्या ग्रुपमध्येही १ लिहा आणि मग अपग्रेड.

चालू जोडण्यांना सक्तीचा धक्का लागत नाही हेही लक्षात ठेवा. तपासणी जोडतानाच होते. टॅबलेट सर्व्हरच्या पूलमध्ये (उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यात) जुनी जोडणी पडून असेल तर ती तशीच चालत राहील आणि तुम्हाला वाटेल सगळं पास झालं. बटण दाबल्यावर प्रत्येक क्लायंट एकदा बंद करून चालू करा.

लॉगवाचक

अजून एक, आणि हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सर्व्हरने सक्ती केली की निष्काळजी क्लायंटपासून डेटा वाचतो. मध्ये बसलेल्या माणसापासून नाही. पोस्टग्रेसमध्ये क्लायंट आधी विचारतो, 'एसएसएल चालेल का?' आणि उत्तरात एकच अक्षर येतं, एस किंवा एन. मोड 'प्रेफर' असेल, जो लिबपीक्यूचा (पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीचा) मुळातला मोड आहे, आणि मधल्याने एन पाठवलं, तर क्लायंट गपगुमान प्लेन बोलू लागतो. मधला पुढे सर्व्हरशी टीएलएसने बोलेल, सर्व्हर खूश. 'रिक्वायर' केलं तर एन ऐकून क्लायंट थांबतो, पण समोरचं सर्टिफिकेट कोणाचं हे तपासत नाही. ते 'व्हेरिफाय-फुल' करतं. त्यासाठी ॲमेझॉनची ग्लोबल बंडल फाइल (त्यांच्या मूळ सर्टिफिकेटांचा संच) उतरवून द्यावी लागते.

बंडलच द्या, एकटं सर्टिफिकेट चिकटवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये आरडीएसचं २०१९ चं सीए (मूळ सर्टिफिकेट) संपलं तेव्हा ज्यांनी तेवढंच एक चिकटवलं होतं त्यांची धावपळ झाली. आणि होस्टच्या जागी आरडीएसचं पूर्ण एंडपॉइंट नाव हवं. तुम्ही डीएनएसमध्ये स्वतःचं सोपं नाव केलं असेल तर ते सर्टिफिकेटवर नसतं, व्हेरिफाय-फुल नाकारेल.

पिंपळगावचा_प्रोग्रामर

सगळ्यांचे आभार. प्रगती सांगतो.

रोल वेगळे केले, लॉग_कनेक्शन्स चालू केलं. काट्याला नवा ड्रायव्हर टाकला, डीएसएन 'रिक्वायर' वर. लॉगमध्ये आता टीएलएस १.३ दिसतंय. एक्सेलचंही झालं. टॅबलेट सर्व्हर 'प्रेफर' वर होता म्हणून इतके दिवस आपोआप एन्क्रिप्टेड येत होता, त्याला बंडल देऊन व्हेरिफाय-फुल केलं. लॉगमध्ये पाचवाही एक सापडला: रोज रात्री मास्टर युजरने येणारी जोडणी, ऑफिसच्या पत्त्यावरून. अगदी व्यवस्थित एन्क्रिप्टेड. कोणालाच माहीत नव्हतं. कपाटाशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर पीजी_डम्पचं (डेटाबेसच्या बॅकअपचं) शेड्यूल लावून ठेवलं होतं कोणीतरी. मास्टरचा पासवर्ड बदलला.

राहिला तापमानाचा डबा. त्याच्या सेटिंगमध्ये होस्ट, पोर्ट, युजर, पासवर्ड एवढंच आहे. एसएसएल नावाचं काही नाही. स्टनेल (जोडणीला बाहेरून टीएलएस चढवणारा प्रोग्राम) लावून बघितलं, जोडत नाही.

लॉगवाचक

साधं स्टनेल चालणार नाही, वर म्हटलं तसं आधी तो एक अक्षराचा संवाद असतो, थेट हँडशेक नाही. कॉन्फिगमध्ये 'प्रोटोकॉल' ला 'पीजीएसक्यूएल' लिहा म्हणजे स्टनेल तो संवाद स्वतः करेल. मी मात्र पीजीबाउन्सर (मधे बसून जोडण्या पुढे नेणारा प्रोग्राम) लावेन. पॅकहाउसमधल्या एखाद्या छोट्या मशीनवर चालवा, डब्याला त्याचा आतला पत्ता द्या. डबा ते बाउन्सर प्लेन, बाउन्सर ते आरडीएस टीएलएस. 'सर्व्हर_टीएलएस_एसएसएलमोड' ला 'व्हेरिफाय-फुल' स्पष्ट लिहा आणि 'सर्व्हर_टीएलएस_सीए_फाइल' मध्ये बंडल. आतल्या नेटवर्कवरचा तो तुकडा उघडाच राहतो, तेव्हा डबा आणि मशीन वेगळ्या स्विचवर ठेवा आणि पाहुण्यांचं वायफाय तिथे येऊ देऊ नका. प्रश्नावलीत हा तुकडा लपवू नका, लिहून टाका.

जुना_डीबीए

बटण रात्री दाबू नका. रात्री तुमचे कंटेनर भरत असतील आणि फोन उचलायला कोणी नसेल. दुपारी गेटवर गाड्या कमी असतील तेव्हा, काट्यावरचा माणूस समोर उभा असताना. दाबल्यावर मुद्दाम 'डिसेबल' मोडने जोडून बघा. नकार आला पाहिजे. तो नकार म्हणजेच तुमचा पुरावा.

पिंपळगावचा_प्रोग्रामर

केलं. बाउन्सर जुन्या लॅपटॉपवर बसवला, तापमानाच्या ओळी येताहेत. 'डिसेबल' ने जोडलं तर तीच एरर, 'नो एन्क्रिप्शन' सकट, तिचा स्क्रीनशॉट प्रश्नावलीला जोडला आहे. काटा आणि एक्सेल अजून 'रिक्वायर' वरच आहेत. काट्याचा प्रोग्राम वेगळ्या विंडोज युजरने चालतो, त्यामुळे रूट.सीआरटी (बंडलची फाइल) नेमकी कोणत्या ॲपडेटा फोल्डरात ठेवायची हे बघतोय. १६ चं अपग्रेड एप्रिलनंतर, माल संपल्यावर.

लॉगवाचक

फाइल ठेवाल तेव्हा एक माहीत असू द्या: ती त्या फोल्डरात सापडली की 'रिक्वायर' सुद्धा 'व्हेरिफाय-सीए' सारखं (सर्टिफिकेट कोणी दिलं ते तपासणारं) वागू लागतं. म्हणजे चुकीची फाइल ठेवली तर ड्रॉपडाऊनला हात न लावताही काटा थांबेल. हेही दुपारीच करा.